आपल्या माणसांचं लॉन

नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लॉन आहे. लॉन म्हणजे मंगल कार्यालयच, पण आमच्याकडे आता कोणी कार्यालय म्हणत नाही. मोठा हॉल, पुढे हिरवळ, एका बाजूला वरपक्षाच्या आणि वधूपक्षाच्या खोल्या, मागे स्वयंपाकाची शेड. शेठ कापसाच्या व्यापारातले, राहायला अकोल्याला. ते महिन्यातून एखाद्या वेळी येतात, हिरवळीवर खुर्ची टाकून चहा पितात आणि जातात. बाकी सगळा कारभार मॅनेजरच्या हातात.

मी तिथे पहिल्यापासून आहे. चौकशीच्या टेबलावर बसायचं, लोकांना हॉल दाखवायचा, तारखा द्यायच्या, आणि लग्नाच्या दिवशी साडीचा पदर खोचून कुठे काय अडलं ते बघत फिरायचं. माझ्या नवऱ्याची मिरची-वांग्याची शेती आहे. त्यांना माझ्या नोकरीचं कौतुक एवढंच, की घरी येताना मी लग्नातली उरलेली बुंदी आणते.

हा मॅनेजर नंतर आला. आधी तो शेठच्या जिनिंगमध्ये होता. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीक गंध, आणि बोलायला एवढा गोड की समोरचा माणूस भांडायला आलेला असला तरी चहा पिऊन परत जायचा. पहिल्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना हिरवळीवर बसवून भाषण केलं. ‘हे लॉन म्हणजे आपलं घर आहे,’ म्हणाला. मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. त्याच्या मनात खरंच तेच आहे, हे कळायला दोन लग्नसराया गेल्या.

आधी त्याचा मेहुणा आला. स्टेज आणि सजावट त्याच्याकडे गेली. त्याच्या आधी ते काम करणारा माणूस नांदुऱ्यातलाच होता आणि चांगला होता. त्याला ‘पुढच्या सीझनला सांगतो’ म्हणून घालवलं. मग साडभाऊ आला, म्हणजे मॅनेजरच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. त्याला गेट आणि पार्किंग दिलं. तो सगळ्या चाव्यांचा जुडगा कंबरेला लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि गाड्या लोक आपापल्या लावायचे. शेवटी बहिणीचा मुलगा आला. हा भाचा पंचवीस-सव्वीसचा, दाढी कोरलेली, हातात सतत मोबाईल. त्याच्याकडे लाईट, जनरेटर आणि साऊंड.

मी एकदा विचारलं, ‘साहेब, गावात दुसरी माणसं नाहीत का?’

‘ताई, बाहेरचा माणूस म्हणजे रोजची डोकेदुखी. आपला माणूस कसा, हक्काचा असते. रात्री-बेरात्री हाक मारली तरी येते.’

हाक मारायची वेळ आली की हा हक्काचा माणूस वरपक्षाच्या एसीच्या खोलीत झोपलेला सापडायचा. भाच्याला मी स्वतः तीनदा उठवलंय. एकदा तर नवरदेवाच्या आईने त्याला आपल्याच सोयऱ्यातला समजून अंगावर चादर घातली होती.

या सगळ्याचा राग यायचा का, तर हो. पण रागापेक्षा मला त्या माणसांची किळस यायची. मेहुणा स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन जेवायच्या आधीच जिलेबीचं ताट भरून घ्यायचा आणि आचाऱ्याने बघितलं तर म्हणायचा, ‘भाऊजींनी सांगतलं.’ साडभाऊ झाडलोट करणाऱ्या मावशींना स्वतःच्या घरची चादर धुवायला द्यायचा. आणि मॅनेजर हे सगळं बघून न बघितल्यासारखं करत पाहुण्यांना नमस्कार करत फिरायचा. त्याचा चेहरा त्या वेळी इतका समाधानी असायचा की जणू त्याने कुळाचा उद्धार केला.

आमचा जुना सुपरवायझर म्हातारा झाला आणि मुलाकडे पुण्याला गेला. तो जाण्याआधीच मॅनेजर मला म्हणाला होता, ‘ही जागा तुमचीच आहे ताई. तुमच्याशिवाय कोण आहे?’ मी घरी येऊन सांगितलं. नवऱ्याने त्या दिवशी बाजारातून पेढे आणले. मी म्हटलं, अजून हातात काही आलेलं नाही. ते म्हणाले, ‘अव, साहेबानं शब्द देला ना, मंग?’

आठवड्याने मला ऑफिसात बोलावलं. भाचा तिथे आधीच बसला होता, साहेबांसमोर मी नेहमी बसायची त्याच खुर्चीत.

‘ताई, एक विचार केला,’ मॅनेजर म्हणाला. ‘सुपरवायझरले पळापळ लय असते. बाईमाणसाले झेपत नाई. हा तरुण पोरगा आहे. याले करू सुपरवायझर, अन् तुमी याले तयार करा. तुमचा मान तसाच राहील.’

‘अन् तुम्ही मला दिलेला शब्द?’

‘शब्द कुठी गेला? तुमी याची गुरूच होऊन राह्यल्या ना!’

भाचा उठला आणि माझ्या पाया पडला. पडताना मोबाईल त्याच्या हातातच होता. मी त्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

सुपरवायझर झाल्यावर त्याने पहिलं काय केलं, तर धुराचं मशीन आणलं. नवरी हॉलमध्ये शिरताना दोन्ही बाजूंनी पांढरा धूर सोडायचा. मशीन चालू केलं की लोड जास्त होतो, म्हणून कूलर बंद करायचे. मे महिन्यात, नांदुऱ्यात! पहिल्याच लग्नात पंख्याने धूर उलटा फिरवला आणि सगळा भटजीच्या तोंडावर गेला. मंगलाष्टकं मध्येच थांबली. भटजी खोकत खोकत बाहेर गेले, आणि मागे बसलेली एक म्हातारी ‘आग लागली वो माय!’ म्हणून ओरडत सुटली. वधूचा बाप माझ्यावर भडकला, कारण ओळखीचा चेहरा माझा. मॅनेजरने त्याच्यासमोर मलाच विचारलं, ‘ताई, तुमी पोराले समजावलं नाई?’

त्यानंतर शेठ आले तेव्हा मी सरळ त्यांच्याकडे गेले. ते हिरवळीवर चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. मेहुणा, साडभाऊ, भाचा, हातून गेलेली जागा. शेठने शांतपणे ऐकलं.

‘बाई, माझ्या दुकानात पण माझे दोन्ही पुतणे आहेत,’ ते म्हणाले. ‘घरची माणसं असली म्हणजे विश्वास राहतो. मॅनेजरचं मॅनेजर बघेल. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?’

मी कप उचलून आत आले. ज्याच्याकडे तक्रार केली तोही त्याच मातीचा होता, हे मला आधीच कळायला हवं होतं. त्या दिवसापासून मी एक ठरवलं. माझं काम चोख करायचं, त्यांचं काम अजिबात करायचं नाही. आधी भाचा विसरला की मी डिझेल आणायला माणूस पाठवायची, साडभाऊ झोपला की मोठं गेट मीच उघडून घ्यायची. ते बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायची, ‘सुपरवायझर साहेबांना विचारा.’ नवरा म्हणाले, ‘सोडून दे ना मंग नोकरी.’ मी म्हटलं, ‘मी काऊन सोडू? मी कोणाची भाची नाही, कोणाची मेहुणी नाही. माझी जागा माझी आहे.’

मग मॅनेजरच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याच लॉनवर. शेठने हॉल भाडं न घेता वापरायला दिला आणि मॅनेजरची मान महिनाभर आधीपासून ताठ झाली. पत्रिका आल्या, सोनेरी अक्षरांच्या. त्याने ऑफिसात बसून वाटल्या. आचाऱ्याला दिली, डेअरीवाल्याला दिली, पेट्रोल पंपावरच्या माणसाला दिली. मावशींना नाही, मला नाही.

मी विचारलं. आता विचारायला मला कसली लाज नव्हती.

‘साहेब, माझी पत्रिका?’

तो हसला. ‘ताई, तुमाले कायची पत्रिका? तुमी तर घरच्याच! त्या दिवशी सगळं तुमालेच पाह्यचं आहे.’

जागा द्यायची वेळ आली तेव्हा मी परकी होते. पत्रिका वाचवायची वेळ आली तर घरची.

‘घरची असेन तर घरच्यासारखी येईन,’ मी म्हटलं. ‘तुमच्या मेहुण्याची बायको त्या दिवशी खुर्च्या मोजणार आहे का? नाही ना? मग मीही नाही. मला त्या दिवसाची सुटी पाहिजे. आजच सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला बंदोबस्त करता येईल.’

‘सुटी?’ तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्याला झालं. मग हात झटकून म्हणाला, ‘घ्या, घ्या. आपली माणसं आहेत ना सगळी.’

आपली माणसं होती, तीच तर भानगड होती. त्याच्या लक्षातच आलं नाही की लॉनवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या दिवशी वधूपक्षाचा पाहुणा असणार. मेहुणा म्हणजे नवरीचा सख्खा मामा. साडभाऊ म्हणजे मावशीचा नवरा. भाचा म्हणजे नवरीचा आतेभाऊ. त्यांनी कामं करायची कोणत्या वेळी आणि मानपान घ्यायचा कोणत्या वेळी?

लग्न दुपारचं होतं. मी लिंबू रंगाची चांगली साडी नेसले, नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आम्ही आहेर घेऊन पाहुण्यांसारखे गेलो. पत्रिका नव्हती तरी गेलो. आत जाऊन तिसऱ्या रांगेत खुर्च्या धरल्या. स्टेजवर एका बाजूलाच फुलं लागली होती. दुसऱ्या बाजूला नुसता बांबू आणि त्याच्यावर टाकलेलं गुलाबी कापड. मेहुणा फेटा बांधून नवरीच्या खोलीच्या दारात उभा होता आणि फोटो काढून घेत होता. सजावटीची पोरं त्याला विचारायला आली की त्यांना हाताने ‘नंतर, नंतर’ करत होता.

बाहेर बँड वाजायला लागला. नवरदेव घोड्यावर, पुढे नाचणारी पोरं, मागे बाया. सगळे मोठ्या गेटशी आले आणि गेटला कुलूप. शेजारचं, एकच माणूस जाईल एवढं छोटं दार तेवढं उघडं. बँड वाजतोय, ऊन डोक्यावर, घोडा पाय आपटतोय, आणि कुलूप कोणी काढेना.

‘चावी कोठी आहे बे?’ मॅनेजर ओरडत आला. डोक्यावर फेटा, घामाने गळ्यापर्यंत ओला.

चावी साडभाऊच्या कंबरेला होती आणि साडभाऊ खोलीत रुसून बसला होता. झालं असं होतं, की सकाळी टॉवेल-टोपीचा मान आधी मेहुण्याला दिला आणि साडभाऊला नंतर. शिवाय त्याच्या टॉवेलला रेशमी काठ नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याची बायको, म्हणजे नवरीची मावशी, दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, ‘आमच्या माणसाले कोणी विचारलं का? नुसतं गेटवर बसवाले पाह्यजे आमचा माणूस!’

मॅनेजर त्याच्या पाया पडला. गलका ऐकून मी उठून गेले होते, खिडकीतून बघितलं. ज्या माणसाला त्याने गावातल्या माणसांना डावलून नोकरी दिली त्याच माणसाच्या पायावर तो डोकं ठेवत होता आणि तो पाय मागे घेत होता.

शेवटी वरपक्षाचा एक म्हातारा चिडून म्हणाला, ‘कोंडवाड्यात आणलं का आमाले?’ नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं. तो बिचारा त्या छोट्या दारातून वाकून आत आला आणि वाकताना त्याचा फेटा दाराच्या कडीला अडकून मागे पडला. त्याच्यामागे एकेक करून सगळे वऱ्हाडी. आणि त्यांच्यात, पोट आत ओढून आडवे होऊन शिरणारे आमचे शेठ.

तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबले, माईक बंद. सगळे भाच्याला हाका मारायला लागले. भाचा शेरवानीत, नाचून लाल झालेला. जनरेटरकडे धावत गेला, बटण दाबलं, ते दोनदा गुरगुरलं आणि बसलं. डिझेल भरलेलंच नव्हतं.

‘मामा, मले वाटलं ताई पाहून घेतीन,’ तो म्हणाला.

मी परत माझ्या खुर्चीत येऊन बसले होते, तिथे मॅनेजर आला. हॉलभर लोक पत्रिकांनी वारा घेत होते. शेठ दोन खुर्च्या सोडून बसले होते.

‘ताई, उठा ना वो. काही तरी करा. इज्जतीचा सवाल आहे.’

‘साहेब, मी सुटीवर आहे,’ मी बसूनच म्हटलं. ‘मी तुम्हाला आधी सांगितलं होतं. सुपरवायझर तिथे उभा आहे.’

‘या टायमाले असं बोलता काय?’

‘मग कोणत्या टायमाले बोलू?’

शेठने आमच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. नवऱ्याने माझ्या दंडाला कोपर लावलं. ‘जाय ना, पोरीचं लगन आहे,’ असं हळूच म्हणाले. मी उठले, पण जनरेटरकडे गेले नाही. नवरीच्या खोलीत गेले.

ती पोरगी मुंडावळ्या बांधून पलंगावर एकटी बसली होती. काजळ ओघळलेलं. खोलीत हवा नव्हती आणि तिच्या मामाला फोटोतून सवड नव्हती. मी तिला पाणी दिलं, रुमालाने तोंड टिपलं, पदराने वारा घातला.

‘काकू, बाहेर भांडणं होऊन राह्यली का?’ तिने विचारलं.

‘नाही गं. लाईट गेली. येईल.’

‘बाबांनी तुम्हाला पत्रिका दिली नाही ना?’ ती म्हणाली. ‘मी त्यांना म्हटलं होतं, काकूंना पहिली द्या.’

मी तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. त्या घरात एक सरळ माणूस होतं आणि त्या दिवशी तेच तिथून निघून चाललं होतं. लाईन आपली आपण आली. तोपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. भटजींनी घड्याळाकडे न बघता मंगलाष्टकं सुरू केली. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. दोन्ही चांगली झाली होती, कारण आचारी कोणाचा नातेवाईक नव्हता.

साडभाऊ न जेवताच निघून गेला. जाताना छोट्या दारातून गेला आणि चाव्या सोबत घेऊन गेला. संध्याकाळी मुलीची पाठवणी करताना गाडी आत आणायला मोठ्या गेटचं कुलूप दगडाने फोडावं लागलं.

मला वाटलं होतं, आता शेठ काही तरी बोलतील. त्यांनी पुढच्या फेरीला चहा पिताना एवढंच म्हटलं, ‘मॅनेजर, तुमच्या घरचं लग्न लक्षात राहील हं,’ आणि हसले. मॅनेजरही हसला. बस. कोणाला काही शिक्षा नाही.

जे झालं ते न्यायाने नाही, रुसव्याफुगव्याने झालं. साडभाऊ पुन्हा कामावर आला नाही. चाव्या त्याने एका दुकानदाराच्या हाती पाठवून दिल्या. भाच्याच्या आईला, म्हणजे मॅनेजरच्या बहिणीला, मानाची साडी मेहुण्याच्या बायकोच्या साडीपेक्षा हलकी वाटली. तिने मुलाला काढून चाकणला कंपनीत पाठवलं. मेहुणा थोडे दिवस राहिला. मग त्याने जळगाव जामोदला स्वतःचं मंडप-डेकोरेशन काढलं, आणि त्याच्या पहिल्याच लग्नात आमच्या स्टेजचे गुलाबी पडदे लागलेले लोकांनी बघितले. मॅनेजर म्हणाला, ‘जाऊ द्या, घरातच गेले.’

मग एक दिवस त्याने मला ऑफिसात बोलावलं. समोरची खुर्ची रिकामी होती.

‘ताई, आता सुपरवायझर तुमीच. मी तं पह्यलेपासूनच म्हणून राह्यलो होतो.’

हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. एवढी वर्षं मी त्याला लबाड समजत होते. तो लबाडही नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो तसं म्हणत होता. अशा माणसाशी भांडणार तरी काय? माझ्या कामामुळे मला ती जागा मिळाली नाही. भाच्याच्या आईला मानाची साडी हलकी वाटली म्हणून मिळाली. मी तरी घेतली, कारण ती माझीच होती. फक्त एक अट घातली, की गेट, लाईट आणि सजावटीची माणसं मी बघून ठेवीन. तो लगेच हो म्हणाला. त्याच्याकडे तेव्हा कामावर लावायला नातेवाईकच उरला नव्हता.

जुना सजावटवाला मी परत बोलावला. लाईटला नांदुऱ्याचाच एक आयटीआय झालेला पोरगा घेतला. गेटची जागा रिकामी होती तेव्हा माझा दीर घरी आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ. चांगला धडधाकट, पण एका कामावर सहा महिने टिकलेला मी त्याला बघितलेला नाही.

‘वहिनी, मले लावून घ्या ना गेटवर. नुसतं बसाचं तं काम आहे.’

‘नुसतं बसायचं काम नाही ते भाऊजी. आणि मी तुम्हाला घेणार नाही.’

नवरा ताटावरून उठले नाहीत, पण घास खाली ठेवला. ‘घरच्या माणसाले नाही लावत, मंग कोणाले लावशीन?’

‘ज्याला काम येतं त्याला.’

दीर त्यानंतर आमच्या घरी येत नाही. सासूबाई पोळ्याला माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा बोलतात, पण भाजीची टोपली आता मला उचलू लागत नाहीत. मी गेटवर एका माजी सैनिकाला ठेवलं आहे. तो खुर्चीत बसत नाही.

ही बातमी मॅनेजरपर्यंत गेलीच. परवा मी हॉलमध्ये खुर्च्या लावून घेत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि फार जिव्हाळ्याने, आवाज खाली करून म्हणाला, ‘ताई, दिराले नाई म्हणाचं नव्हतं. घरच्या माणसाले दुखवू नाही. मी अनुभवानं सांगून राह्यलो.’

मी त्याच्याकडे बघितलं. शर्ट तसाच कडक, गंध तसंच बारीक. संध्याकाळी एका घरची हळद होती, कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलं होतं. ते मी त्याला सांगितलं आणि पुढची रांग लावायला लागले.